पाचव्या दिवसाचा ताप

जानेवारी १९६१. टोकियोतल्या रेड क्रॉस रुग्णालयात सव्वाचार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. ताप हटत नव्हता. डोळे लाल झाले होते, ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या, जीभ लालभडक होती. मानेत गाठ आली होती, अंगावर पुरळ होतं, तळहात आणि तळपाय सुजले होते. पुढे बोटांची सालपटं निघू लागली. त्याला तपासणारे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी तेव्हा ३५ वर्षांचे होते. स्कार्लेट फीव्हर म्हणावा तर डोळ्यांची लाली त्यात बसत नव्हती; दुसरा कोणता आजार म्हणावा तर बाकीच्या खुणा आड येत होत्या. मुलगा बरा होऊन घरी गेला, पण त्याच्या कागदांवर निदान काही लिहिता आलं नाही.

पुढच्या वर्षी तशाच खुणांचं दुसरं मूल आलं आणि कावासाकींना पहिलं आठवलं. एका वेगळ्याच आजाराचा शोध इथून सुरू झाला. १९६२ मध्ये त्यांनी अशी सात मुलं बालरोगतज्ज्ञांच्या सभेत मांडली. बऱ्याच जणांना हा नवा आजार आहे हे पटलं नाही. कावासाकी नोंदी करत राहिले. १९६७ मध्ये ५० मुलांची हकीकत त्यांनी जपानी भाषेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. लेख चाळीसहून अधिक पानांचा होता आणि प्रत्येक मुलाच्या डोळ्यांपासून बोटांपर्यंतच्या बदलांचा त्यात तपशील होता. तेव्हा हा आजार चमत्कारिक असला तरी आपोआप बरा होणारा वाटत होता.

तो समज लवकरच गळून पडला. टोकियोच्याच सेंट ल्यूक्स रुग्णालयात ताकाजिरो यामामोतो यांना अशा मुलांच्या हृदयाच्या आलेखांत बदल दिसले. १९७० मध्ये जपानभर पाहणी झाली, तेव्हा आजारातून उठल्यासारखी वाटणारी काही मुलं अचानक दगावल्याचं पुढे आलं. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी रक्तवाहिन्यांत फुगवटे आणि त्यांत अडकलेल्या गुठळ्या सापडल्या. असे फुगवटे वैद्यकाने पूर्वीही पाहिले होते. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८७१ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या हृदयात ते नोंदवले होते. पुढच्या शंभर वर्षांत शवविच्छेदन करणाऱ्यांनी अशा बालमृत्यूंना रक्तवाहिन्यांच्या दाहाचं वेगळं नावही दिलं होतं. म्हणजे आजाराचं एक टोक शवागारात माहीत होतं आणि दुसरं टोक वॉर्डात. दोन्ही टोकं एकाच आजाराची आहेत, हे कळायला कावासाकींच्या नोंदी लागल्या.

१९७४ मध्ये त्यांचं काम इंग्रजीत आलं. त्याच सुमारास हवाईतल्या होनोलुलूमध्ये मॅरियन मेलिश आणि राकेल हिक्स या दोन डॉक्टरांनी जपानमधल्या कामाची माहिती नसतानाच तीच लक्षणं ओळखली होती. भारतातल्या रुग्णांची नोंद १९७७ मध्ये छापून आली. आज श्रीमंत देशांत मुलांना जन्मानंतर जडणाऱ्या हृदयविकाराचं सर्वांत मोठं कारण कावासाकीचा आजार हेच आहे. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होण्याचं प्रमाण आपल्याकडे जसजसं घटेल, तसतसा हा आजार आपल्याकडेही ठळक होत जाईल.

पाच खुणा, पण नीट पाहिलेल्या

कावासाकीचा आजार म्हणजे मध्यम आकाराच्या धमन्यांच्या भिंतींना आलेली तीव्र सूज. रुग्णांतली सुमारे ८० टक्के मुलं पाच वर्षांच्या आतली असतात आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तो दीडपट आढळतो. तो संसर्गाने पसरत नाही. त्याचं निदान करून देणारी एकही रक्तचाचणी आजवर निघालेली नाही. 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असा रिपोर्ट इथे येत नाही. कावासाकींनी १९६१ मध्ये केलं तेच आजच्या डॉक्टरलाही करावं लागतं: मुलाला डोक्यापासून पायापर्यंत पाहायचं, आधीच्या दिवसांत काय दिसलं ते विचारायचं आणि बेरीज करायची.

बेरीज अशी आहे. किमान पाच दिवस टिकलेला ताप आणि त्याच्या जोडीला पाचांपैकी चार खुणा.

पहिली खूण डोळ्यांची. दोन्ही डोळ्यांचा पांढरा भाग लाल होतो, पण चिपडं येत नाहीत, पाणी गळत नाही, पापण्या चिकटत नाहीत. नीट पाहिलं तर बुबुळाच्या अगदी कडेला पांढरं कडं शिल्लक राहिलेलं दिसतं. डोळे आल्यावर सकाळी पापण्या चिकटतात आणि पाणी वाहतं; त्यामुळे हा कोरडा लालपणा लक्षात येण्याजोगा वेगळा असतो.

दुसरी तोंडाची. ओठ लाल होतात, सुकतात, चिरतात, कधी भेगांतून रक्त येतं. जिभेवरचे बारीक उंचवटे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरच्या दाण्यांसारखे उठून दिसतात. तोंड आतून लाल असतं, पण तिथे फोड किंवा व्रण नसतात. व्रण असले तर डॉक्टर दुसऱ्या आजाराचा विचार करतात.

तिसरी खूण पुरळाची. त्याचं ठरावीक रूप नसतं. ते कधी गोवरासारखं असतं, कधी गांधी उठल्यासारखं, तर कधी नुसता लालसर चट्टा. पाण्याने भरलेले फोड मात्र नसतात. मांड्यांच्या सांध्यांत आणि डायपरच्या जागी पुरळ जास्त असतं आणि तिथली त्वचा पहिल्याच आठवड्यात सोलवटू लागते. पुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या मुलांची असतात. सावळ्या त्वचेवर लाली फिकट दिसते, म्हणून कपडे काढून, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पाहावं लागतं.

चौथी हातापायांची. तळहात आणि तळपाय लाल होतात, पंजे सुजतात. बाळ खेळणं धरत नाही, चालणारं मूल पाय टेकवत नाही. बोटांच्या टोकांची, नखांच्या कडेपासून सुरू होणारी सालपटं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघतात. अनेक घरांत आजाराची शंका पहिल्यांदा तेव्हा येते, आणि तोवर उपचाराची सर्वांत चांगली वेळ टळत आलेली असते. आणखी महिन्या-दोन महिन्यांनी नखांवर आडव्या खाचा उमटतात.

पाचवी मानेतल्या गाठीची. ती बहुधा एकाच बाजूला आणि दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी असते. पाचांतली ही सर्वांत कमी आढळणारी खूण, आणि फसवणारीही. ताप आणि मानेची गाठ एवढंच आधी दिसलं की पू झाल्याच्या शंकेने अँटिबायोटिक सुरू होतं.

या पाचांच्या यादीबाहेर दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. एक म्हणजे मुलाची टोकाची किरकिर. तापातलं मूल ताप उतरला की थोडं खेळतं. कावासाकीचं मूल अंगावर घेतलं तरी शांत होत नाही, खाली ठेवलं तरी नाही. त्याच्या मेंदूच्या आवरणालाही अनेकदा थोडी सूज आलेली असते. दुसरी खूण बीसीजीच्या जागेची. आपल्याकडे प्रत्येक बाळाला जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचतात आणि तिचा व्रण कायम राहतो. आजारात तो जुना व्रण एकाएकी लाल होतो, सुजतो, त्यावर खपली धरते. दुसऱ्या आजारांत हे सहसा घडत नाही. अमेरिकेत बाळांना सरसकट बीसीजी देत नाहीत, म्हणून तिथल्या डॉक्टरांना ही खूण उपलब्धच नसते. जपानला आणि आपल्याला ती आहे. एक वर्षाच्या आतल्या मुलाला ताप असेल तर डावी बाही वर करून पाहायला काही सेकंद पुरतात.

सहा दिवस, तीन दवाखाने

हे वाचून निदान सोपं वाटेल. ते अवघड होतं, कारण खुणा एकाच दिवशी एकत्र येत नाहीत. आज उठलेलं पुरळ उद्या मावळतं, लाल डोळे दोन-तीन दिवसांत निवळतात, ओठ नंतर फुटतात. समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत आणि दीड वर्षाच्या मुलाला १०३ ताप भरला आहे.

पहिल्या दिवशी घरचं तापाचं औषध. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांकडे. घसा लाल आहे, अँटिबायोटिक सुरू. तिसऱ्या दिवशी डोळे लाल होतात, पण रात्री झोप नाही म्हणून झाले असतील असं घरी वाटतं. चौथ्या दिवशी पोटावर पुरळ येतं. औषध बाधलं असं म्हणून अँटिबायोटिक बदलतं. पाचव्या दिवशीही ताप फणफणलेलाच, म्हणून घरचे दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. तोवर पुरळ गेलेलं असतं, डोळे निवळलेले असतात. लघवी तपासली तर तिच्यात पस सेल्स वाढलेल्या. लघवीच्या संसर्गाचं औषध सुरू होतं. सहाव्या दिवशी तिसरा दवाखाना. तिथे ओठ फुटलेले दिसतात आणि पावलं सुजलेली. सलाईन लावल्यामुळे सूज आली असेल, असं कुणीतरी म्हणतं.

यातल्या एकाही डॉक्टराने समोर दिसलेल्या गोष्टीचा वावगा अर्थ लावलेला नाही. अँटिबायोटिकने पुरळ येऊ शकतं. लघवीतल्या पस सेल्सचा पहिला अर्थ संसर्ग हाच असतो. कावासाकीच्या आजारात मूत्रमार्गालाही सूज येते आणि कल्चरमध्ये जंतू न सापडताच पस सेल्स वाढतात. पण कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतात. पहिल्याला घसा दिसला, दुसऱ्याला लघवी, तिसऱ्याला पावलं. सगळं पाहिलेली व्यक्ती एकच, मुलाची आई. आणि तिला कुणी विचारलं नाही की लाल झालेले डोळे तिसऱ्या दिवशी चिकटत होते की कोरडे होते.

म्हणूनच निदानाच्या नियमांत एक वाक्य फार महत्त्वाचं आहे: खुणा एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. गेलेली खूणही बेरजेत धरायची. डॉक्टरने स्वतः पाहिली नसली तरी घरच्यांनी पाहिलेली, मोबाइलवर टिपलेली खूण ग्राह्य असते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ताप, पुरळ आणि लाल डोळे म्हटलं की गोवर आठवतो आणि ते योग्यही आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली होती. गोवरात नाक वाहतं, खोकला असतो, डोळ्यांतून पाणी येतं, गालाच्या आत पांढरट ठिपके दिसतात आणि पुरळ कानामागून सुरू होऊन खाली उतरतं. स्कार्लेट फीव्हरमध्ये जीभ तशीच दिसते, पण डोळे लाल होत नाहीत आणि योग्य अँटिबायोटिक सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत ताप उतरतो. ॲडिनोव्हायरसने डोळे आणि घसा दोन्ही लाल होतात. त्यात बहुधा डोळ्यांतून स्राव येतो. डेंग्यूही यादीत असतोच, आणि रक्ताचा रिपोर्ट नीट वाचला तर त्याचा फरक तिथे कळतो.

प्लेटलेट वाढतात तेव्हा

महाराष्ट्रातल्या घरांना प्लेटलेटची ओळख डेंग्यूने करून दिली. पावसाळ्यात काका-मामा फोनवर विचारतात, "प्लेटलेट किती?" आकडा उतरला की काळजी, चढला की सुटलो. कावासाकीच्या आजारात हा हिशोब उलटा आहे. पहिल्या आठवड्यात प्लेटलेट बहुधा सामान्य असतात. दुसऱ्या आठवड्यात त्या साडेचार लाखांच्या पुढे जातात आणि काही मुलांत दहा लाखांपर्यंत पोहोचतात. ताप लांबलेल्या मुलाच्या प्लेटलेट वाढताहेत म्हणून निश्चिंत होणं धोक्याचं आहे. मात्र पाचव्या दिवशी त्या सामान्य असल्या म्हणून आजार नाही, असंही म्हणता येत नाही.

बाकीच्या तपासण्या निदानाला आधार देतात. सीआरपी आणि ईएसआर हे शरीरातल्या दाहाचे मापक बरेच वाढतात. ते अगदी सामान्य असले तर कावासाकीची शक्यता कमी होते. पांढऱ्या पेशी वाढतात, हिमोग्लोबिन वयाच्या मानाने उतरतं, अल्ब्युमिन हे प्रथिन घटतं, यकृताचं एएलटी वाढतं. सुट्या सुट्या पाहिल्या तर या गोष्टी कुठल्याही तापात आढळतील. जोडून पाहिल्या तर त्यांना वजन येतं.

हे वजन सर्वांत जास्त लागतं ते 'अपूर्ण' कावासाकीत. काही मुलांत पाचांपैकी दोन किंवा तीनच खुणा उमटतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत हे विशेष होतं. कधी कधी नुसता ताप आणि किरकिर एवढंच असतं. दुर्दैव असं की याच वयात कोरोनरी रक्तवाहिन्या फुगण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सात दिवस किंवा त्याहून अधिक ताप असेल आणि कारण सापडत नसेल, तर बाकी एकही खूण नसली तरी रक्त तपासावं, आणि दाह दिसला तर हृदयाची सोनोग्राफी करावी, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

ही सोनोग्राफी म्हणजे आपण ज्याला टूडी इको म्हणतो तीच, पण मोठ्या माणसाच्या इकोपेक्षा बरीच नाजूक. वर्षाच्या मुलाची कोरोनरी धमनी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद असते. मूल रडत, हात-पाय झाडत असेल तर ती नीट मोजता येत नाही, म्हणून कधी झोपेचं औषध द्यावं लागतं. आकडाही नुसता मिलिमीटरमध्ये वाचत नाहीत. मुलाच्या उंची-वजनाच्या मानाने धमनी किती रुंद असायला हवी आणि आहे किती, याचा गुणांक काढतात. त्याला झेड स्कोअर म्हणतात. तो अडीचच्या पुढे गेला की फुगवटा धरतात, दहाच्या पुढे गेला की महाकाय फुगवटा. शक्य असेल तिथे हा इको मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावा. आणि पहिला इको सामान्य आला तरी आजार नाकारला जात नाही, कारण फुगवटे बहुधा पहिल्या आठवड्यानंतर तयार होतात. इकोसाठी थांबून उपचार लांबवायचेही नसतात.

दहा दिवसांची मुदत

निदानाची एवढी घाई करायची, कारण या आजारावर परिणामकारक उपचार आहे आणि त्याला मुदत आहे. १९८४ मध्ये जपानच्या फुरुशो यांनी दाखवलं की निरोगी रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिलं तर कोरोनरी फुगवट्यांचं प्रमाण घटतं. १९८६ मध्ये अमेरिकेत जेन न्यूबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातही तेच दिसलं. १९९१ पासून एकाच मोठ्या मात्रेची पद्धत रुळली: वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम, दहा-बारा तासांत हळूहळू. उपचार न मिळालेल्या मुलांत सुमारे २५ टक्क्यांना फुगवटे होत. वेळेवर इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण चार-पाच टक्क्यांवर येतं. हे औषध ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत, आणि जमेल तेवढं आधी द्यायचं असतं. दहा दिवसांनंतरही ताप किंवा दाह शिल्लक असेल तर ते देतातच. फायदा मात्र तेवढा खात्रीचा राहत नाही.

याची किंमत मोठी आहे. दहा किलोच्या मुलाला वीस ग्रॅम लागतं आणि मध्यमवर्गीय घरालाही तो खर्च जड जातो. प्रत्येक तालुक्यात ते मिळतही नाही. म्हणून पाचव्या दिवशी शंका आली तर जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हलवायला, पैसे उभे करायला आणि औषध मागवायला हाती दिवस उरतात. नवव्या दिवशी शंका आली तर काहीच उरत नाही.

जोडीला ॲस्पिरिन देतात. ताप असेपर्यंत मोठी मात्रा, नंतर गुठळ्या होऊ नयेत म्हणून सहा ते आठ आठवडे लहान मात्रा. आजोबांची रक्त पातळ करायची गोळी नातवाला कशी, असं घरच्यांना वाटतं आणि ती मध्येच बंद होते. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. दुसऱ्या बाजूने, ॲस्पिरिन चालू असताना फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर तातडीने कळवावं, कारण तेव्हा यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा राय सिंड्रोम होण्याचा दुर्मीळ धोका असतो.

दहा ते वीस टक्के मुलांचा ताप पहिल्या मात्रेनंतरही उतरत नाही किंवा परत चढतो. त्यांना पुन्हा इम्युनोग्लोब्युलिन, स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं लागतात. ज्यांचा धोका आधीच जास्त दिसतो, त्यांना सुरुवातीपासून स्टेरॉइड जोडल्याने फायदा होतो, हे जपानमधल्या २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं.

घरी गेल्यावर एक प्रश्न हमखास येतो, लसीचा. इम्युनोग्लोब्युलिनमधल्या तयार प्रतिपिंडांमुळे गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी नीट काम करत नाहीत, म्हणून त्या अकरा महिने पुढे ढकलतात. बाकीच्या लसी वेळेवर द्यायच्या. आशाताई कार्ड पाहून गोवराचा डोस चुकल्याचं सांगतील, तेव्हा त्यांना डिस्चार्जचा कागद दाखवावा. आणि अकरा महिने झाल्यावर तो डोस आठवणीने घ्यावा.

पुढची तपासणी इकोवर ठरते: आजारातच एकदा, मग एक-दोन आठवड्यांनी, मग चार ते सहा आठवड्यांनी. तीनही वेळा रक्तवाहिन्या सामान्य असतील तर मूल खेळू-पळू शकतं, शाळेत इतरांसारखं वाढू शकतं. लहान फुगवटे बऱ्याचदा एक-दोन वर्षांत निवळतात. महाकाय फुगवटे मात्र आयुष्यभर सोबत राहतात. त्या मुलांना रक्त गोठू न देणारी औषधं लागतात आणि मोठेपणीही हृदयरोगतज्ज्ञाकडे जात राहावं लागतं.

कारण अजून हाती नाही

साठ वर्षांहून अधिक काळ शोध चालू आहे. जपानमध्ये दर दोन वर्षांनी देशभर पाहणी होते. तिथे पाच वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला तीनशेहून अधिक मुलांना हा आजार होतो. अमेरिकेत वीस-पंचवीस मुलांना. अमेरिकेत वाढलेल्या जपानी वंशाच्या मुलांतही तो जास्त दिसतो, म्हणजे आनुवंशिकतेचा काही वाटा आहे. जपानमध्ये १९७९, १९८२ आणि १९८६ मध्ये तो साथीसारखा उसळला, म्हणजे बाहेरचंही काहीतरी आहे. मध्य आशिया आणि ईशान्य चीनकडून येणाऱ्या वाऱ्यांशी रुग्णांच्या चढउतारांचा मेळ बसतो, असं २०११ आणि २०१४ मधल्या अभ्यासांत आढळलं. सध्याचा बहुमान्य तर्क असा की एखाद्या संसर्गाने किंवा हवेतल्या कशाने तरी आनुवंशिक कल असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती भडकते आणि स्वतःच्याच धमन्यांवर उलटते.

या तर्काला २०२० मध्ये अनपेक्षित पुरावा मिळाला. इटलीतल्या बेर्गामोत कोविडची लाट आल्यावर कावासाकीसारख्या रुग्णांचं प्रमाण तीसपट वाढलं. ती कोविडनंतरची बहुअवयवी दाहाची वेगळी अवस्था होती, एमआयएस-सी. आपल्याकडेही २०२० आणि २०२१ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी ती पाहिली. त्यात मुलं वयाने मोठी असत, पोटदुखी आणि उलट्या जास्त, हृदयाचा स्नायू अशक्त आणि प्लेटलेट बहुधा कमी. उलट जपानमध्ये २०२० मध्येच, मुखपट्ट्या आणि बंद शाळांच्या काळात, मूळ कावासाकीचे रुग्ण घटले. तोमिसाकु कावासाकी यांचं त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झालं.

भारतात हा आजार खरोखर किती आहे, हे तो शोधणाऱ्यांच्या नजरेवर अवलंबून आहे. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९० च्या दशकापासून त्याचा चिकाटीने पाठपुरावा केला आणि तिथे रुग्णसंख्या वाढत गेली. जिथे कुणी पाहत नाही तिथे तो 'नाही' असतो. तिथली मुलं व्हायरल ताप, औषधाची ॲलर्जी, लघवीचा संसर्ग अशा निदानांवर घरी जातात. त्यांतली बहुतेक बरी होतात. काही जणांच्या छातीत फुगलेली धमनी राहते आणि त्याचा पत्ता कुणालाच नसतो, कधी कधी विशी-तिशीत हृदयविकाराचा झटका येईपर्यंत.

घरच्यांच्या हातात काय आहे

बरंच काही आहे. तापाचा पहिला दिवस कोणता हे लिहून ठेवावं, कारण पुढचे सगळे निर्णय त्या तारखेवर टेकलेले असतात. रोज एकदा, दिवसाच्या उजेडात, मुलाचे कपडे काढून डोळे, ओठ, जीभ, डावा दंड, मांड्यांचे सांधे, तळहात आणि तळपाय पाहावेत. काही वेगळं दिसलं तर लगेच फोटो काढावा. फोटोवर तारीख आपोआप येते आणि मावळलेलं पुरळ दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवता येतं. दिलेल्या औषधांची नावं आणि सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवावेत. ताप उतरत नाही म्हणून डॉक्टर बदलण्यापेक्षा त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जावं. बदललेच तर नव्या डॉक्टरांना जुन्या दिवसांची हकीकत क्रमाने सांगावी.

आणि पाचव्या दिवशीही ताप असेल, वर सांगितलेल्यांपैकी काही खुणा दिसल्या असतील, तर सरळ विचारावं: "डॉक्टर, हा कावासाकी असू शकतो का?" असं विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. दिवसाला शंभर तापाची मुलं पाहणाऱ्या डॉक्टरला त्यातलं एक वेगळं मूल ओळखायला अशा प्रश्नाची मदत होते. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' येईल, आणि त्यामागचं कारण ऐकून मन हलकं होईल. ज्या एखाद्या मुलाबाबत उत्तर 'पाहू या' असं येईल, त्याच्यासाठी दहा दिवसांतले पाच दिवस अजून हातात असतील.